उशिरा आलेलं मूल

पाळी चुकली तेव्हा मला वाटलं, आता ती कायमची जायची वेळ आली. चाळिशी ओलांडून दोन-तीन वर्षं झाली होती. शाळेतल्या माझ्या वयाच्या बाया मधल्या सुट्टीत हेच बोलायच्या; कुणाला दरदरून घाम फुटायचा, कुणाची उगाच चिडचिड व्हायची. मीही त्यांच्यात बसून माझी चिडचिड सांगू लागले. मग खडूच्या वासाने पोटात ढवळायला लागलं आणि एके दिवशी फळ्याकडे तोंड करून उभी असतानाच मला कळलं. मुलीच्या वेळी अगदी असंच झालं होतं. मी विसरले होते, शरीर विसरलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गिरणी संपाची झळ तेव्हा आमच्या इमारतीत दोन-तीन घरांना अजून लागत होती. आम्ही मुलुंडला राहायचो. एक खोली, स्वयंपाकघर आणि समोर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक गॅलरी. मी मराठी शाळेत शिकवायचे आणि माझे यजमान भांडुपच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. आमची माणसं मूळची नगरकडची, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मुलगी एकच, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिच्यानंतर काही राहिलं नाही. सुरुवातीला आम्ही प्रार्थना केल्या, औषधं केली, मग दोघांनीही तो नाद सोडून दिला. आता तर तिच्याच लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा घाटकोपरचा, आमच्यातलाच, बँकेत नोकरीला. त्याच्या घरच्यांना मुलगी पसंत होती. साखरपुड्याची तारीख तेवढी ठरायची होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "अहो बाई, दिवस गेलेत तुम्हाला."

मी तशीच पडून राहिले. उठून साडी नीट करायलासुद्धा मला लाज वाटत होती. जणू मी काहीतरी चोरलं होतं आणि पकडली गेले होते. बाई हात धुऊन आल्या, खुर्चीत बसल्या आणि समजुतीच्या सुरात बोलू लागल्या. "या वयात मूल कसं निपजेल सांगता येत नाही. मंदबुद्धी निघायची भीती असते. तुमच्या जिवालाही धोका आहेच. कायद्याने परवानगी आहे, घाबरायचं काही कारण नाही. सकाळी या, संध्याकाळी घरी जा. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

खरं सांगते, त्यांच्या सगळ्या बोलण्यात मला ते शेवटचं वाक्य गोड लागलं. कुणाला कळायचंसुद्धा नाही. मी पुढच्या आठवड्यातली एक सकाळ ठरवूनच बाहेर पडले.

यजमानांना सांगितलं तेव्हा ते शर्टाला इस्त्री करत होते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक होते, गायनातही पुढे असायचे. वर्षभरापूर्वी जोडप्यांच्या सभेत उभं राहून ते गर्भपाताविरुद्ध बोलले होते. जीव देणारा देव आहे, तो घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, असं. छान बोलले होते. लोकांनी नंतर येऊन हात मिळवले होते. आता त्यांनी इस्त्री उभी केली, माझ्याकडे न बघता विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"करून देते म्हणाल्या."

"हं," ते म्हणाले. मग बराच वेळ एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "पोरीचं लग्न तोंडावर आलंय. बघ तू. तुला काय वाटतं ते कर."

मला त्यांचा राग आला. सभेत देवाचं म्हणून जे सांगितलं, ते घरात आल्यावर माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून ते मोकळे झाले होते. पण त्या रागामागे मीही लपत होते. त्यांनी ठामपणे "नको" म्हटलं असतं तर मला जास्त राग आला असता.

त्या दिवसांत मला प्रार्थना करता येईना. दर रविवारी मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, लहान मुलांना शिकवायचे की आईच्या पोटात असल्यापासून देव आपल्याला ओळखतो. हातांच्या खुणा करून शिकवायचे: हात पोटाशी, मग छातीशी, मग वर. त्या रविवारी मुलांनी आपणहून ते म्हणायला सुरुवात केली आणि मी हात पोटाशी नेलाच नाही. एका मुलीने मोठ्याने विचारलं, "बाई, तुम्ही चुकलात ना?"

नर्सिंग होममध्ये सोबत कुणाला न्यायचं हा प्रश्न होता. यजमानांना रजा मिळाली असती, पण त्यांनी तसं म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. मंडळीतल्या बाईला नेणं म्हणजे गावभर करणं. म्हणून मी शेजारच्या वैनीकडे गेले. ती कोकणातली, मालवणकडची. नवरा गिरणीत होता, संपात नोकरी गेली ती गेलीच. तेव्हापासून वैनी घरी पापड, मसाले करून विकायची. आमच्या भिंतीला भिंत लागून होती. पंधरा वर्षांचा शेजार.

मला दारात बघून ती म्हणाली, "काय गो बाई, तोंड कशाक उतरलंय?"

मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. ती मिरच्या निवडत होती. निवडायचं थांबली नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "येतंय मी. तुका एकटीक सोडणार नाय. पण आधी बस जरा."

मी बसले. तिने हात पदराला पुसले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मी दोनदा केलंय. कुणाक म्हायत नाय, नवरा सोडून. पहिल्या वेळी तिसरा कडेवर होता आणि सासू अंथरुणाक खिळलेली. दुसऱ्या वेळी संप चालू होतो. घरात तांदूळ नाय होते. आणखी एक तोंड खयसून भरतलंय? गेलंय आणि इलंय. दुसऱ्या दिवशी पापड लाटूक बसलंय."

मला वाटलं, ती आता म्हणेल की काही होत नाही, घाबरू नकोस. तिने वेगळंच विचारलं. "तुका ता नको, का लोकांका नको?"

उत्तर माझ्यापाशी होतं आणि ते स्वच्छ होतं. आमच्याकडे दोन पगार येत होते, घर होतं, माझी तब्येत धड होती. एवढी वर्षं जे मागून मागून आम्ही थकलो होतो तेच आलं होतं, आणि मी ते केवळ हसं होऊ नये म्हणून परत पाठवायला निघाले होते. वैनीकडे नाइलाज होता. माझ्याकडे फक्त लाज होती.

"लोकांना," मी म्हणाले.

"मग बघ बाई," ती म्हणाली आणि पुन्हा मिरच्या ओढून घेतल्या.

त्या रात्री जेवताना मी यजमानांना सांगितलं, "मी जाणार नाहीये." ते ताटावरून उठले, मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. डोळे लाल झाले होते. म्हणाले, "तू नाहीच म्हणावंस असं वाटत होतं गं. मला म्हणवत नव्हतं." मी म्हटलं, "म्हणवायला हवं होतं तुम्हाला."  तेवढंच. आमच्यात त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

मुलीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. ती आधी हसली, मी थट्टा करतेय असं वाटून. मग तिचा चेहरा बदलला.

"आई, काहीही काय! मी त्यांना काय सांगू? माझ्या सासरी काय सांगायचं?"

"खरं ते सांगायचं."

"वाट लागली माझी. लोक हसतील गं. तुला लाज नाही वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "खूप वाटते."

एवढ्या सरळ उत्तराची तिला अपेक्षा नसावी. ती रडत गॅलरीत जाऊन उभी राहिली. त्यानंतर उपासनेला ती माझ्याशेजारी बसेनाशी झाली. मागे मुलींमध्ये जाऊन बसायची आणि संपल्या संपल्या एकटीच पुढे निघून जायची. पोट दिसायला लागल्यावर तर आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंनी चालायचो. मी तिला दोष देत नव्हते. मला स्वतःलाच माझ्यापासून पुढे निघून जावंसं वाटत होतं.

घाटकोपरची माणसं एका संध्याकाळी आली. मुलाच्या आईने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग शेवटपर्यंत पाहिलं नाही. खूप गोड बोलल्या. देवाची इच्छा, त्यात काही वाईट नाही, मूल म्हणजे आशीर्वादच, असं सगळं म्हणाल्या. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "मुलगा पुढच्या परीक्षा देतोय ना, त्यामुळे साखरपुडा जरा पुढे ढकलू." तो पुढे ढकललेला साखरपुडा कधीच झाला नाही. त्यांनी नाहीसुद्धा म्हटलं नाही. नुसतं येणं बंद केलं.

शाळेतल्या बाया तोंडावर चांगलं बोलायच्या आणि मी वळले की कुजबुजायच्या. कारखान्यात यजमानांना पेढ्यांची आठवण करून देणारे, पाठीवर थाप मारणारे खूप निघाले. ते गायनाला जाईनासे झाले, घसा बसलाय म्हणून सांगायचे. मंडळीत तर बायबलमधल्या त्या म्हातारपणी आई झालेल्या बाईचं नाव घेऊनच मला हाक मारू लागले. प्रेमाने मारायचे, पण सगळे हसायचे. मलाही हसावं लागायचं. तेच लोक मूल म्हणजे देवाचं देणं अशी गीतं म्हणत होते. मी त्यांच्यात उभी राहून पदर पोटावर ओढून घ्यायचे आणि गीताच्या पुस्तकाने तो झाकायचे.

त्या महिन्यांत मला धरून ठेवलं ते एकट्या वैनीने. आंबट काही लागलं तर मी भिंतीवर थाप मारायचे, ती सोलकढीचं भांडं घेऊन यायची. शेवटी पाय सुजले तेव्हा मी शाळेतून आल्यावर ती माझे पाय गरम पाण्यात ठेवून बसायची. तिला कधी मी विचारलं नाही की हे करताना तिला काय वाटतं. विचारायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही.

मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं. शुद्धीवर आल्यावर मी आधी विचारलं, "नीट आहे ना?" नर्स म्हणाली, नीट आहे, नाकीडोळी छान आहे. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटली. ती नीट नसती तर? तिला ठेवल्याचा मला पस्तावा झाला असता का? झाला नसता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जीव देवाचा असतो तो नीट निपजला तरच देवाचा असं नाही, हे मला पाठ होतं. मनातून मी एवढी मोठी नव्हते.

थोरली दुसऱ्या दिवशी आली. दारातच उभी राहिली. मग पाळण्याजवळ गेली, वाकली, आणि म्हणाली, "शी, किती लहान आहे!" तिने बोट पुढे केलं आणि बाळाने ते धरलं. सगळीच बाळं धरतात. पण ती रडायला लागली आणि मग आम्ही दोघी रडलो. घरी आणल्यावर बाळाला न्हाऊ घालायला वैनी यायची आणि थोरली तिच्याशेजारी बसून शिकायची.

बाप्तिस्म्याच्या दिवशी आम्ही वैनीला आग्रहाने नेलं. आमच्या मंडळीचं स्वतःचं देऊळ नव्हतं, एका हॉलमध्ये सतरंज्या घालून उपासना व्हायची. वैनी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. बाळाचा पांढरा फ्रॉक तिनेच शिवला होता. माझी पाठ दुखत होती म्हणून बाळ तिच्याच मांडीवर होतं. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नवे होते, तरुण, नुकतेच शिकून आलेले. त्यांना ठाऊक होतं की या बाईने मोठ्या वयात मूल ठेवलं. त्यावरच त्यांनी उपदेश केला.

सुरुवात चांगली होती. माणसाचा जीव म्हणजे देवाचा श्वास, तो कुणाच्या सोयीचा नसतो, असं. मग आवाज चढला. शहरात गल्लोगल्ली गर्भपाताच्या पाट्या लागल्यात, आया पोटच्या लेकरांचा जीव घेतायत, अशा बायांचे हात रक्ताने माखलेले आहेत. आणि मग माझ्याकडे हात करून, "आमच्या या भगिनीकडे पाहा. जग हसलं, पण तिचा विश्वास डळमळला नाही."

सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. जे हसले होते तेच पाहत होते. मी मान वर करू शकले नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला वैनीचे हात दिसत होते, बाळाच्या पाठीवरचे. ते थांबले. तिने हलकेच बाळ उचलून थोरलीच्या मांडीवर दिलं आणि उठून बाहेर गेली.

उपदेश चालूच होता. मी उठले. पुढच्या रांगेतून उठून सगळ्यांच्या देखत बाहेर जाणं म्हणजे काय ते आमच्यातल्यांनाच कळेल. यजमान कुजबुजले, "कुठे चाललीस?" मी थांबले नाही.

वैनी पायऱ्यांवर चपला घालत होती. "डाळ भिजत घातलंय गो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "वास येतलो."

"वैनी."

"तेका काय म्हायत? तो माका नाय बोललो." मग दुसरी चप्पल चढवत, "आणि खोटा तरी काय बोललो?"

 इतकी वर्षं मुलांना शिकवलं, सभांमधून बोलले, आणि त्या पायरीवर एक धड वाक्य तोंडातून निघेना. मी तिचं मनगट धरलं. "बाप्तिस्मा व्हायचाय अजून. तू आत आली नाहीस तर मीही पोरीला पुढे नेणार नाही. बसू दे सगळ्यांना तसंच."

"येडी काय गो तू? लोक थांबलेत."

"थांबू देत."

 मग तिने चपला काढल्या. आम्ही आत गेलो. तिने बाळ पुन्हा घेतलं नाही. मी दिलं, तरी तिने हात मागे घेतले. पाणी शिंपडताना बाळ रडलं तेव्हा मात्र ती एकदम पुढे सरकली आणि मग आपणहून थांबली.

पाळकांकडे जायला मला धीर गोळा करावा लागला. गेले तेव्हा त्यांनी हसून "सलाम बाई" म्हटलं, खुर्ची दिली. मी म्हटलं, "पाळकसाहेब, तुम्ही मला उदाहरण करू नका. माझा विश्वास डळमळला होता. मी दिवस ठरवून आले होते."

ते गोंधळले. "पण तुम्ही गेला नाहीत ना?"

"मला थांबवणारी बाई आपल्यातली नव्हती. आपल्यातल्या एकीलाही मी सांगू शकले नसते. लाजेपायीच मी तिकडे निघाले होते आणि ती लाज मला इथेच मिळाली असती. मिळालीच पुढे."

"मग मी काय शिकवू?" ते खरंच कळवळून म्हणाले. "जीव देवाचा नाही, असं सांगू?"

"देवाचाच आहे. मी तेच मानते. तुमच्यासमोर बसलेल्या बायांचाही जीव देवाचाच आहे. कुणाच्या मनात काय आहे, कुणाच्या घरात काय होतं, आपल्याला ठाऊक नसतं."

 वैनीच्या गुपिताबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, पण त्यांना काहीतरी उमगलं असावं. नंतर त्यांनी कधी जाहीर माफी वगैरे मागितली नाही. पण तो विषय निघाला की चाचरू लागले आणि मला ते चाचरणं बरं वाटायचं.

थोरलीचं लग्न पुढे दोन-तीन वर्षांनी झालं, चांगल्या घरात. त्या घरी धाकटीला नातवंडासारखं उचलून घेतलं. वैनीने मात्र बाप्तिस्म्यानंतर बरेच दिवस बाळाला न्हाऊ घालायला यायचं टाळलं. कंबर धरलीय म्हणायची. मग एका दुपारी तिनेच भिंतीवर थाप मारली. मी गेले. स्वयंपाकघरात ती एकटीच होती. कोनाड्यात तिचे देव, समोर विझलेली उदबत्ती.

"बाई, एक विचारू? तुमच्यात अशांसाठी काय म्हणतत? जी इलीच नाय, त्यांच्यासाठी?"

आमच्या मंडळीत गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. ते देवाच्या हाती असतात, असं आम्ही म्हणतो आणि पुढे बोलत नाही. मी तिला ते सांगणार होते. तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं नाही. मला लाज वाटत होती, तिच्या देवांसमोर मोठ्याने माझ्या देवाशी बोलायची, आणि त्याहून जास्त या गोष्टीची, की त्या दोघांसाठी बोलायचा मला काय अधिकार. तरी मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, हिची दोन लेकरं तुझ्याकडे आहेत. तू त्यांना ओळखतोस. हिलाही ओळखतोस."  शेवटी "आमेन" म्हणायचं असतं, हे वैनीने उपासनेत ऐकलं होतं. ती म्हणाली, आणि मग उठून चहाचं आधण ठेवलं.